गोळी आणि शिस्त : खानदेशातील नेमबाजीच्या इतिहासाची एक बाजू

खानदेशच्या एकोणिसाव्या शतकातील इतिहासात बंदुकीचा उल्लेख पानोपानी येतो. किल्ले कोणी लढविले, बंडे कशी झाली, भिल्लांच्या टोळ्या कशा मोडल्या अथवा वश केल्या गेल्या, यांचे वर्णन १८८० च्या खानदेश गॅझेटिअरपासून आजतागायत पुष्कळांनी केले आहे. परंतु बंदुकीतून जी वस्तू सुटते तिचा, म्हणजे शिशाच्या ओतीव गोळीचा, विचार या वर्णनांत क्वचितच आढळतो. नेम हा बंदूकधाऱ्याच्या डोळ्याचा व हाताचा गुण आहे असे सर्वत्र गृहीत धरलेले असते. वस्तुतः तो अर्ध्याहून अधिक गोळीचा गुण आहे. गोळी नळीत किती नेमकी बसते यावर नेम अवलंबून असतो, आणि ती नेमकी बसविण्याचे साधन कोणाच्या हाती आहे यावर सत्तेचा काही भाग अवलंबून राहिला आहे. खानदेशचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे.

प्रथम शब्दांचा विचार केला पाहिजे. ‘बंदूक’ हा शब्द अरबी ‘बुंदुक’ यावरून आला असून त्याचा मूळ अर्थ एक प्रकारचे कवचीचे फळ, आणि त्यावरून लहान गोळी, असा होता. ‘तोप’ हा शब्द तुर्की असून त्याचाही मूळ अर्थ चेंडू अथवा गोळा असाच आहे. म्हणजे दोन्ही ठिकाणी आधी नाव पडले ते गोळीचे. तिला फेकणाऱ्या यंत्राला ते मागाहून चिकटले. ज्यांनी ही नावे दिली त्यांना यंत्रापेक्षा गोळी महत्त्वाची वाटत होती, एवढा निष्कर्ष काढण्यास हरकत नाही. मराठीने या शब्दांभोवती स्वतःचा संसार मांडला : तोडा, रंजक, गज, चाप, घोडा, आणि नळीच्या टोकावरची माशी. ‘ठासणे’ ही क्रिया तर इतकी आपली झाली की ठासून भरणे आणि ठासून सांगणे यांत आज कोणालाही बंदुकीचा वास येत नाही. ‘बार’ हा फारसी शब्द मूळचा ओझ्याचा; बंदुकीत जे ओझे भरावयाचे ते बार, आणि मग ते उडाले तरी बारच.

१८१८ साली इंग्रजांनी खानदेश घेतला तेव्हा त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या शिबंदीच्या हाती मुख्यतः तोड्याच्या बंदुका होत्या. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी थाळनेर येथे सर टॉमस हिस्लॉप याच्या सैन्याचे दोन अधिकारी किल्ल्याच्या दरवाजात मारले गेले, आणि त्यानंतर किल्लेदार तुळशीराम मामा याला फाशी देण्यात आले. मे व जून महिन्यांत मालेगावच्या किल्ल्यात अरब शिपायांनी जवळजवळ महिनाभर वेढा झुंजविला. मालेगाव त्या काळी खानदेशातच मोडत असे. या वेढ्यात इंग्रजांचे अभियंता अधिकारीही पडले. तटावरून एकेक माणूस हेरून टिपणे हे या शिबंदीचे बळ होते.

तोड्याची बंदूक ही मागासलेली, म्हणून निकृष्ट, असा समज पुढे रूढ झाला. तो पुरता खरा नाही. ही बंदूक भरावयास वेळ लागे, पावसात तोडा विझे, रात्री त्याचे निखारे शत्रूला दिसत. हे सगळे दोष कबूल केले पाहिजेत. परंतु तिची नळी लांब असे, आणि ज्याची बंदूक त्याचाच गोळ्यांचा साचा असे. कारागीर नळी घडवी तेव्हा तिच्या मापाचा साचाही देई. मालक आपल्या चुलीवर शिसे वितळवी आणि आपल्या नळीपुरती गोळी ओती. अशी गोळी गजाने नेटाने ठासावी लागे. परंतु नेटाने ठासावी लागते म्हणजेच ती नळीत सैल नाही. तटाच्या आडोशाला बसलेल्या माणसाला वेळेची घाई नसते.

शिसे ओतणे दिसते तितके सोपे नाही. शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे घरच्या शेगडीला ते झेपते, आणि म्हणूनच लोखंड ज्याला जमत नाही त्यालाही गोळी जमते. परंतु साचा थंड असेल तर गोळीवर सुरकुत्या पडतात; पळीतील धार तुटली तर गोळीच्या पोटात पोकळी राहते. पोकळी बाहेरून दिसत नाही, मात्र गोळीचा भार एका बाजूस कलतो आणि ती हवेत भलतीकडे वळते. म्हणून जाणता माणूस गोळ्या हातावर तोलून, अथवा तराजूत घालून, हलक्या निघतील त्या पुन्हा पळीत टाकतो. ओतताना राहिलेला शेंडा कापताना गोळीची बूड दुखावली तरी नेम जातो; कारण नळीच्या तोंडातून सुटताना गोळीला शेवटचा धक्का बुडाकडून मिळतो, आणि तो तिरपा मिळाला की पुढचे सारे तिरपेच. हे ज्ञान पुस्तकात नव्हते. ते हातात होते, आणि हात बदलला की ते नाहीसे होत असे.

याच्या उलट कंपनीच्या पायदळाची बंदूक. तिच्या नळीचा व्यास सुमारे पाऊण इंच असे आणि गोळी मात्र सुमारे ०.६९ इंचाची असे. दीड मिलिमीटरची ही फट चुकून राहिलेली नव्हती. ती मुद्दाम ठेवलेली होती. काळ्या दारूची काजळी नळीत साचते आणि काही बारांनंतर घट्ट गोळी खाली उतरत नाही. सैल गोळी मात्र काजळीतूनही घरंगळत जाते. शिपायाने मिनिटाला दोन-तीन बार काढले पाहिजेत, ही अट असेल तर गोळी सैलच हवी. परिणाम असा की गोळी नळीत एका बाजूवरून दुसऱ्या बाजूवर आपटत बाहेर पडे, आणि कोणत्या बाजूस शेवटची आपटली त्यावर तिची दिशा ठरे. शंभर यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरण्यात अर्थ नाही, असे खुद्द इंग्रज अधिकारीच लिहीत. म्हणून त्यांच्या जुन्या कवायतीत गोळी झाडण्यापूर्वीचा हुकूम ‘नेम धरा’ असा नव्हता. ‘प्रेझेंट’, म्हणजे बंदूक पुढे करा, एवढाच होता. शंभर नळ्या एका दिशेस, एका क्षणी सुटल्या म्हणजे कोणाच्या ना कोणाच्या अंगात शिसे शिरणारच, असा तो हिशेब.

येथे मराठीतील एका शब्दाचा इतिहास लक्षात घेण्याजोगा आहे. तो शब्द ‘शिस्त’. आज शिस्त म्हणजे नियमबद्ध वर्तन. शाळेची शिस्त, पक्षाची शिस्त, शिस्तभंग. परंतु जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’, ‘शिस्त बांधणे’ म्हणजे नेम धरणे होते, आणि जुन्या कोशांत हा अर्थ नोंदलेला आहे. मूळ फारसी ‘शस्त’ या शब्दाचा अर्थ अंगठा, आणि त्यावरून तिरंदाज अंगठ्यात घालतो ते वळे, त्यावरून नेम. म्हणजे धनुष्याच्या दोरीवरचा अंगठा हा या शब्दाचा जन्म होय. (एकलव्याची कथा आपली मानणाऱ्या भिल्लांच्या मुलखात हा शब्द यावा, यात व्युत्पत्तीचा काही संबंध नाही; तरी वाचकाला तो आठवल्यावाचून राहणार नाही.) अंगठ्यावरून नेम, नेमावरून सरळ रेषा व ओळ, आणि ओळीवरून वर्तनाचा बंदोबस्त, अशी ही अर्थाची वाटचाल दिसते. ती केवळ कवायतीमुळे झाली असे म्हणणे धाडसाचे होईल. अर्थविस्तार एकाच कारणाने क्वचित होतात. मात्र ज्या काळात सैन्यात व्यक्तीच्या नेमाची जागा रांगेच्या एकसूत्रीपणाने घेतली, त्याच काळाने हा दुसरा अर्थ बळकट केला, ही गोष्ट दुर्लक्षण्यासारखी नाही.

खानदेशात या दोन शिस्तींची गाठ प्रत्यक्ष पडली ती भिल्ल पलटणीत. कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने १८१८ नंतर धुळे येथे ठाणे वसवून जिल्ह्याची व्यवस्था लावली. परंतु सातपुडा आणि सातमाळ्याच्या रांगांतील भिल्ल त्याला वा त्याच्यामागून आलेल्यांना सैन्यबळाने आवरले नाहीत. १८२५ साली, माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन गव्हर्नर असताना, जेम्स आउट्रम या तरुण लेफ्टनंटाकडे भिल्लांचीच पलटण उभारण्याचे काम आले. तिचे ठाणे पुढे आजच्या जळगाव जिल्ह्यातील धरणगावास होते. आउट्रम भिल्लांत राहिला, त्यांच्यासह वाघांच्या शिकारी केल्या आणि मूठभर माणसांपासून पलटण वाढविली, हे सर्वश्रुत आहे. या प्रयोगाचे वर्णन बहुधा ‘रानटी माणसाला शिस्त लावली’ अशा शब्दांत होते. त्या शब्दांतच गफलत आहे. धनुष्य-बाणाने अथवा जुन्या बंदुकीने दबा धरून टिपणाऱ्या माणसापाशी पहिल्या अर्थाची शिस्त आधीपासून होती. आउट्रमने त्याला दुसऱ्या अर्थाची दिली. ती देताना सरकारी बंदुकीबरोबर सरकारी काडतूसही आले, आणि काडतूस ही वस्तू चुलीवर तयार होत नाही.

‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशो’ यावरून मराठीत आला आहे. गोळी, शिसे, साचा हे शब्द घरचे; तोडा, रंजक जवळपासचे; काडतूस मात्र समुद्रावरून आले. कागदाच्या सुरळीत मोजलेली दारू आणि गोळी बांधलेली असते. शिपायाने ते दाताने फोडावयाचे, एवढेच त्याचे काम. गोळीचे माप, वजन, दारूचे प्रमाण यांविषयी त्याला विचार करावा लागत नाही, आणि करताही येत नाही.

१८४९ साली मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याने आखलेल्या गोळीने सैल आणि घट्ट यांचा जुना पेच सोडविला. गोळी लांबट, बूड पोकळ. भरताना ती नळीपेक्षा बारीक, म्हणून सहज उतरते. बार उडताच दारूचा वायू पोकळ बुडात शिरून मऊ शिशाची कड फाकवितो, आणि ती कड नळीतील आट्यांना घट्ट धरते. भरताना सैल व सुटताना घट्ट, असे दोन्ही एकाच गोळीत साधले. इंग्रजांच्या १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीत नळी ०.५७७ इंचाची आणि गोळी आरंभी ०.५६८ इंचाची होती. पाऊण इंचाच्या बंदुकीतील दीड मिलिमीटरची फट येथे पाव मिलिमीटरच्या आत आली. परंतु इतकी कमी फट काजळीतून पार पाडावयाची तर वंगण हवेच. म्हणून गोळीभोवतीच्या कागदास चरबी आणि मेण. या चरबीने १८५७ साली काय घडविले ते सांगणे नको. तो प्रक्षोभ धर्माचा होता यात शंका नाही. परंतु त्याच्या तळाशी फटीचा हा पेच होता, आणि जो स्वतः गोळी ओतीत व स्वतः वंगण निवडीत असे त्या तोडेवाल्यास हा प्रश्न कधी पडला नसता.

त्याच वर्षी खानदेशच्या उत्तर सीमेवर खाजा नाईक उठला. मुंबई-आग्रा मार्गावरील सेंधवा घाटाचा बंदोबस्त त्याच्याकडे होता. म्हणजे सरकारची चाकरी, वाट आणि हत्यारे ही तिन्ही त्याच्या परिचयाची होती. १८५७ च्या नोव्हेंबरात या घाटात सरकारी खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातील आंबापाणी येथे त्याच्या माणसांची सरकारी सैन्याशी मोठी लढाई झाली. पकडलेल्या अनेक भिल्लांना तेथेच गोळ्या घालण्यात आल्या. खडकांआडून भिल्लांनी केलेल्या माऱ्यात इंग्रज अधिकारी जखमी झाले होते. १८६० साली खाजा नाईक दगाफटक्याने मारला गेला. त्याला हरविण्यात बंदुकीच्या श्रेष्ठतेचा वाटा किती आणि दाणा-गोटा, वाटा व माणसे तोडण्याचा वाटा किती, हा वादाचा विषय राहील. पण डोंगरात शिसे व दारू यांचा पुरवठा तुटणे ही बंडखोराची खरी अडचण असते, हे उघड आहे.

पुढची पायरी कायद्याची. १८६० च्या व नंतर १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून बंदूक बाळगणे बंद झाले. १८७८ च्या कायद्याची एक व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे : लष्करी सामग्रीत शिसे, गंधक आणि सोरा यांचाही समावेश करण्याचा अधिकार सरकारने राखून ठेवला होता. बंदुकीवर बंधन घालून न थांबता कायदा चुलीवरच्या पळीपर्यंत पोहोचला. इतिहासकारांनी या कायद्यातील वंशभेदाची चर्चा पुष्कळ केली आहे, आणि ती रास्तच आहे. शिशाच्या या उल्लेखाकडे मात्र त्यांचे लक्ष क्वचित गेले आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सैन्याच्या बंदुकीतून उघडे शिसे नाहीसे झाले. धूरविरहित दारूने वेग इतका वाढला की नुसते शिसे आट्यांवर टिकेना. ते नळीला माखू लागले. म्हणून शिशावर तांबे-मिश्रधातूचे कवच आले. डमडमच्या कारखान्यातील उघड्या टोकाच्या गोळीवरून वाद झाला आणि १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात फुटणाऱ्या गोळ्या निषिद्ध ठरल्या. आज जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या कारखान्यात (स्थापना १९६४) सैन्यासाठी काडतुसे होतात. २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. तापीच्या खोऱ्यात गोळी पुन्हा तयार होऊ लागली हे खरे; परंतु ती घडविणारा हात आणि झाडणारा हात यांची आता भेट होत नाही.

उघड्या शिशाची ओतीव गोळी टिकून राहिली ती एका अनपेक्षित ठिकाणी : कागदी लक्ष्यावर नेम मारण्याच्या रिव्हॉल्व्हरमध्ये. तेथे वेग नको असतो, भेदकता नको असते. एकाच भोकात पुन्हा गोळी जावी एवढेच हवे असते. त्यासाठी ‘वॅडकटर’ नावाची गोळी रूढ झाली. हिचे टोक पूर्ण सपाट असते, जणू लहानसे कापलेले दांडके. टोकदार गोळी कागद फाडून जाते आणि भोकाच्या कडा पुन्हा मिटतात. सपाट गोळी चामड्याला पाडलेल्या भोकासारखा स्वच्छ वाटोळा तुकडा कापून काढते, आणि गुण मोजताना वाद उरत नाही. ०.३८ इंची रिव्हॉल्व्हरसाठी तिचे रूढ वजन १४८ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेनऊ ग्रॅम. वेग सेकंदाला सातशे फुटांच्या आसपास, आवाजाच्या वेगाहून बराच कमी. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकांत कोल्ट व स्मिथ अँड वेसन यांच्या लक्ष्यभेदी रिव्हॉल्व्हरांनी या गोळीवर जो अचूकपणा दाखविला, तो पाहून जुन्या हत्यारांचे शौकीन आजही ती हत्यारे जपतात व अमेरिकेसारख्या देशांत घरी गोळ्या ओततात.

रिव्हॉल्व्हरात जुना पेच सहा वेळा उभा राहतो. गोळी फिरत्या नळकांड्यातील सहा घरांपैकी एकातून सुटते, मधली बारीक फट ओलांडते आणि मग नळीत शिरते. घराचे तोंड नळीच्या आट्यांच्या खोल व्यासाहून लहान असेल तर गोळी तेथेच दाबली जाते आणि पुढे नळीत सैल पडते. मग कितीही चांगला हात असला तरी लक्ष्यावर गोळ्या विखुरतात. सहा घरांची तोंडे एकसारखी नसतील तर एकच माणूस सहा वेगवेगळ्या बंदुका झाडीत आहे असे समजावे. वॅडकटर काडतुसात जवळजवळ पूर्ण बुडालेली असते. अनेक वॅडकटरांची बूड मिनिएच्या गोळीसारखीच पोकळ ठेवतात, म्हणजे हलक्या बारातही कड फाकून फट बुजते. येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. नळीला शिसे माखते, म्हणून तो कथील व अँटिमनी घालून गोळी अधिक कठीण करतो. तर माखणे वाढते. कारण कठीण गोळी हलक्या दाबाने फाकत नाही, वायू तिच्या कडेने निसटतो आणि निसटताना शिसे वितळवून नेतो. मऊ शिसे, नेमके माप आणि मेणाचे वंगण हाच उपाय आहे. मालेगावच्या तटावरील अरबाला हा उपाय नवा वाटला नसता.

भारतात मात्र नेमबाजाला आपली गोळी ओतण्याची मुभा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये दारूगोळा तयार करण्यास परवाना लागतो. म्हणून खेळाडू आयात केलेल्या अथवा सरकारी कारखान्याच्या काडतुसांवर अवलंबून असतो. १९५१ साली राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष मराठी कुटुंबातील गणेश वासुदेव मावळंकर होते, आणि त्यांच्या नावाची स्पर्धा पुढे देशभर होऊ लागली. त्याच १९५९ च्या कायद्यात एक जुनाट अवशेष राहिला आहे : शेताच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद. रानडुकरांपासून पीक राखणारा शेतकरी, कायद्याच्या भाषेत तरी, अजून गज हाती धरून उभा आहे.

जळगाव व धुळे येथील महाविद्यालयांतील छात्रसैनिक शिबिरात जी ०.२२ इंची रायफल झाडतात तिची गोळी आजही साध्या शिशाची असते. त्यांना शिकविणारा सैनिक हिंदीत बोलतो, आणि नेम धरण्याच्या पाठास त्याच्या पुस्तकात नाव असते ‘शिस्त लेना’. मराठी मुलांना तो शब्द ऐकून प्रथम पोशाखाची व रांगेची आठवण होते. मग माशीवर डोळा ठेवावा लागतो.